शेपटीकडची भिंत

गोव्यातील सावईवेऱ्यात माझ्या माहेरच्या घरामागे, कुळागराकडे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेकडे, उतरणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी, जांभ्या चिऱ्यांचा एक गोठा आहे. लांबी 12 मीटर, रुंदी 4 मीटर, वर मंगळुरी कौले आणि एका टोकाला गवत ठेवण्याचा माळा. आजोबांच्या काळात येथे नऊ गुरे बांधलेली असत. 2016 साली आईने शेवटची गाय शेजारच्या वाड्यावर दिली आणि तेव्हापासून गोठ्यात सुक्या झावळ्या, मोडलेला नांगर आणि सुपारीची रिकामी पोती एवढेच राहिले होते. 2021च्या नोव्हेंबरात मी हा गोठा राहते घर करण्यासाठी हाती घेतला. आज मी, माझे यजमान आणि आमची मुलगी त्यात राहतो. मधल्या काळात जे केले, जे चुकले आणि जे पुन्हा करावे लागले, ते मी येथे लिहीत आहे, कारण असे रिकामे गोठे, खळ्यावरच्या कोठ्या, बंद पडलेल्या भाताच्या गिरण्या आणि काजूच्या भट्ट्यांच्या शेडी गोव्यातील बहुतेक गावांत उभ्या आहेत आणि त्याच गावांतील तरुण जोडपी शहरात भाड्याने राहतात.

आम्हीही तसेच राहत होतो. यजमानांची नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आणि माझी फोंड्यातील एका प्राथमिक शाळेत. नऊ वर्षे आम्ही फोंड्यात दोन खोल्यांचे भाडे भरले. दर 11 महिन्यांनी करार संपत असे आणि दर वेळी भाडे वाढत असे. फ्लॅट विकत घेण्याची चौकशी आम्ही तीन वेळा केली. गोव्यातील जमिनीचा आणि घरांचा भाव येथे राहणाऱ्याच्या पगारावर ठरत नाही. बाहेरच्या महानगरांतून सुट्टीसाठी दुसरे घर घेणाऱ्याची ऐपत त्याला वर खेचते आणि किनाऱ्यावर सुरू झालेली ही ओढ आता फोंडा, डिचोलीसारख्या आतल्या तालुक्यांपर्यंत पोहोचली आहे. शिक्षिकेच्या आणि कारखान्यातील पर्यवेक्षकाच्या पगारातून कर्जाचा जो हप्ता निघत होता, त्यात मुलीच्या शिक्षणाला जागाच उरत नव्हती.

गोठ्याची कल्पना आईची होती. ती म्हणाली, "तुझ्या वाट्याला काहीतरी यायचेच आहे, मग गोठाच का घेत नाहीस? चार भिंती तर उभ्या आहेत." हे वाक्य गोव्याबाहेरच्या वाचकाला कदाचित वेगळे वाटेल, म्हणून थोडे स्पष्ट करते. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग गोव्यात आजही लागू आहे आणि वारसाहक्कासाठी 2012चा स्वतंत्र राज्य कायदा आहे. मुलगी आणि मुलगा यांचा वाटा येथे पूर्वीपासून समान आहे. मात्र याच व्यवस्थेत विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरली जाते, त्यामुळे कोणत्याही वाटणीपत्रावर भावंडांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतात. आमचे वडील गेले तेव्हापासून वारसानोंद झालेलीच नव्हती आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्कनोंदीवर, अजून आजोबांचे नाव होते. दोन भाऊ, दोन वहिनी, धाकटी बहीण, तिचे यजमान, आई आणि आम्ही दोघे, अशा नऊ जणांना एकाच दिवशी उपनिबंधकांच्या कार्यालयात आणायला चार महिने लागले. मोठ्या दादाने एकच अट घातली, की गोठ्यामागून कुळागरात जाणारी पायवाट आणि पाटाचे पाणी अडवायचे नाही. ती अट आम्ही वाटणीपत्रात लिहून घेतली. तोंडी राहिली असती, तर आमच्या मुलांच्या पिढीत तिच्यावरून भांडण झाले असते, असे मला आजही वाटते.

परवानगीच्या कामात आमचे सुदैव एवढेच, की गोठ्याची जागा वसाहत क्षेत्रात, म्हणजे राहती घरे बांधता येतात अशा भागात, येत होती. ती कुळागरासारखी बागायतीत दाखवलेली असती, तर हा विषय तेथेच संपला असता. त्यानंतरचा क्रम असा होता: जमिनीच्या वापरबदलाची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला आणि शेवटी 1994च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली पंचायतीचा बांधकाम परवाना. आमची फाईल एका कार्यालयात दोन महिने सापडत नव्हती आणि आम्ही ती नव्याने तयार करून दिली. आमच्या अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत दिलेला एक सल्ला मात्र फार मोलाचा ठरला. गोठा पाडून नवे बांधकाम दाखवले असते, तर हद्दीपासून सोडावयाच्या अंतराचा नियम नव्याने लागला असता आणि मागची भिंत आत सरकून घराची रुंदी निम्म्यावर आली असती. म्हणून आराखड्यात जुना पाया आणि जुन्या भिंती कायम ठेवून दुरुस्ती, उंचीवाढ आणि वापरबदल असाच प्रस्ताव दिला. सर्व्हेच्या नकाशावर गोठ्याची आकृती आधीपासून होती, ती येथे उपयोगी पडली. ज्यांच्याकडे अशी जुनी वास्तू आहे, त्यांनी कौल हलवण्याआधी सर्व्हेचा नकाशा काढून पाहावा आणि वास्तू आहे त्या स्थितीत सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

प्रत्यक्ष वास्तूकडे आम्ही घराच्या नजरेने पाहिले, हीच पुढे आमची चूक ठरली. भिंती 35 सेंटिमीटर जाडीच्या, चिरे मातीत बसवलेले, कोपरे सरळ, कोठेही मोठी भेग नाही. माळ्याकडच्या वाशांना वाळवी लागली होती, पण ती दिसत होती आणि दिसणाऱ्या दोषाचे मला फारसे भय वाटत नाही. सर्वांत मोठी अडचण उंचीची होती. पावसाची झड आत येऊ नये म्हणून गोठ्याचे पाखे मुद्दाम खाली उतरवलेले असतात, त्यामुळे बाजूच्या भिंतीपाशी छत जेमतेम 1.7 मीटरवर होते. जमीन खणून खाली उतरायचे, की भिंती वर न्यायच्या, असे दोनच मार्ग होते. खाली उतरलो असतो तर पाया उघडा पडला असता आणि पावसाळ्यात डोंगराकडून येणारे पाणी थेट घरात शिरले असते. म्हणून चिऱ्यांचे सहा थर वाढवायचे ठरले, म्हणजे एक मीटरहून थोडे अधिक. त्यातील काही उंची नव्या जोत्यात जाणार होती. मातीतल्या भिंतींवर नवा भार थेट ठेवणे योग्य नव्हते, त्यामुळे जुन्या भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतला आणि त्यावर नवे थर रचले. या पट्ट्याने चारही भिंती एकमेकींना बांधल्या गेल्या. खिडक्यांसाठी भिंती फोडताना कोपऱ्यापासून किमान 60 सेंटिमीटर अंतर राखले. चांगले निघालेले वासे माळ्यासाठी ठेवले आणि छताला लोखंडी नळ्यांचा सांगाडा केला. जुनी कौले उतरवून, घासून, फुटकी वेगळी करून पुन्हा चढवली. सुमारे निम्मी वापरता आली.

फुटकी आणि जुनाट कौलेही वाया गेली नाहीत. न्हाणीघरावर पाण्याची टाकी ठेवण्यासाठी लहान स्लॅब हवी होती. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली पद्धत आमच्या अभियंत्यांना ठाऊक होती. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट वजनाखेरीज फारसे काही करत नाही, म्हणून सळ्यांच्या चौकोनांत मंगळुरी कौले बसवून त्यावर काँक्रीट ओततात. सिमेंट वाचते, स्लॅब हलकी होते आणि खालून पाहिले की कौलांची नक्षी दिसते. माझ्या मुलीला संपूर्ण घरात हेच छत सर्वाधिक आवडते.

आता ज्या भागासाठी मी हे लिहायला बसले, त्याकडे वळते. 2022च्या मार्चमध्ये आम्ही आतून सिमेंटचा गिलावा केला. ठेकेदाराने तोच सुचवला आणि आम्हालाही दुसरे काही सुचले नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला आणि मागच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओलीचे डाग उमटले. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेव्हा ओल ही आम्हाला नवी गोष्ट नाही. आम्ही कौले तपासली, बाहेरचा चर खोल केला, नळाची जोडणी उघडून पाहिली. गळती कोठेही नव्हती. समोरची भिंत, जिच्यावर पावसाची झड थेट येते, ती मात्र कोरडी ठणठणीत होती. ऑक्टोबर संपता संपता डाग सुकले आणि त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी दिसू लागली. हात लावला तर ती बुरशी नव्हती, बारीक मिठासारखी पूड होती. नोव्हेंबरात गिलाव्याला फुगे आले आणि बोट टोचताच तळहाताएवढे पोपडे खाली पडू लागले. नव्या घराची पहिली दिवाळी आम्ही भिंतीला चादर टांगून साजरी केली. मी त्या दिवसांत फार खचले होते. भावंडांकडून हट्टाने मागून घेतलेली जागा आणि साठवलेले सगळे पैसे, दोन्ही एका पावसात गेले, असेच मला वाटत होते.

उलगडा एका वयस्क मेस्तांनी, म्हणजे गवंड्यांनी, केला. त्यांनी जुन्या गोव्यातील चर्चच्या डागडुजीवर अनेक वर्षे चुन्याचे काम केले होते. ते आले, भिंतीकडे पाहिले आणि त्यांनी आईला पहिला प्रश्न विचारला, "बाय, गुरे कोणत्या दिशेला तोंड करून बांधत होता?" गव्हाण कुळागराच्या बाजूला होती. म्हणजे गुरांची तोंडे समोरच्या भिंतीकडे आणि शेपट्या मागच्या भिंतीकडे. मूत्र वाहून नेणारा पाट मागच्या भिंतीच्या पायाशीच होता. समोरची भिंत निरोगी आणि मागची आजारी का, याचे उत्तर एवढ्यात मिळाले. साठ-सत्तर वर्षे नऊ गुरांचे मूत्र त्या पाटातून वाहिले होते आणि त्यातील काही भाग रोज जमिनीत आणि चिऱ्यांत मुरला होता.

पुढचे मी वाचून आणि आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारून समजून घेतले. मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो आणि मातीतील जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे क्षार पाण्यात सहज विरघळतात. जांभा चिरा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओलीबरोबर ते भिंतीत वर चढतात. हवा कोरडी झाली की पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक तयार होतात आणि ते फुगताना गिलाव्याला आतून ढकलतात. त्यातही कॅल्शियम नायट्रेटसारखे काही क्षार हवेतील दमट वाफ स्वतःच शोषून घेतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात कोठूनही पाणी न येता भिंत ओली दिसते. बिहारमध्ये गोठ्यांच्या आणि जुन्या वस्त्यांच्या अशाच मातीतून नोनिया समाजातील लोक पिढ्यान्‌पिढ्या सोरा (पोटॅशियम नायट्रेट) काढत असत आणि तो सोरा डच व इंग्रज कंपन्या जहाजे भरून बंदुकीच्या दारूसाठी युरोपात नेत. माझ्या भिंतीवरची पांढरी पूड त्याच कुळातली आहे, हे कळले तेव्हा तिचा राग बराच ओसरला.

मेस्तांनी सांगितलेला उपाय मंद गतीचा होता आणि त्याचा क्रम त्यांनी बदलू दिला नाही. पहिल्यांदा सिमेंटचा गिलावा मागच्या भिंतीवरून पूर्ण काढला. सिमेंट घट्ट असते, त्यामुळे क्षार त्याच्यामागे अडकतात आणि तेथेच फुगतात. मग मागच्या भागातील लादी काढून जुनी जमीन 50 सेंटिमीटरपर्यंत खणून बाहेर काढली. त्या मातीला ओल लागताच वर्षानुवर्षांचा गोठ्याचा वास पुन्हा येत असे. ती सर्व माती दादाने आनंदाने कुळागरात नेली आणि पोफळींच्या आळ्यांत घातली. झाडांना जे हवे, तेच भिंतीला नको होते. भिंतीचा सर्वांत खालचा थर भुसभुशीत झाला होता. तो एकदम काढणे शक्य नव्हते, म्हणून एक-एक मीटरच्या टप्प्यांत, एक टप्पा सोडून एक, जुने चिरे काढून नवे बसवले आणि त्यांच्याखाली ओल अडवणारा थर टाकला. या कामाला पाच आठवडे लागले. ते चालू असताना आम्ही पुन्हा माहेरच्या पडवीत राहत होतो.

उरलेल्या चिऱ्यांतील क्षार ओढून काढण्यासाठी लेप दिले. कागदाचा लगदा आणि चिकणमाती एकत्र कालवून, भिंत स्वच्छ पाण्याने भिजवून, दोन बोटे जाडीचा थर तिच्यावर थापायचा आणि तो पूर्ण सुकून आपोआप सुटेपर्यंत थांबायचे. सुकताना पाणी लेपाकडे येते आणि क्षार बरोबर घेऊन येते. असे तीन लेप दिले, प्रत्येकाला सुमारे पंधरा दिवस. काढलेला लेप कुळागरातही टाकायचा नाही, घरापासून दूर टाकायचा, असे मेस्तांनी बजावले होते, कारण तेवढे क्षार एके ठिकाणी झाडालाही सोसत नाहीत. शाळेतून मी रद्दी कागद आणत असे आणि मुलगी तो रात्री बादलीत भिजत घालत असे.

2023च्या फेब्रुवारीत चुन्याचा गिलावा केला. चुना तीन आठवडे पाण्यात मुरत ठेवला होता, वाळू खाडीची न घेता नदीची चाळून घेतली आणि मळताना गुळाचे पाणी वापरले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, त्यामुळे त्याला घाई चालत नाही. पातळ थर, मग आठवडाभर थोडे थोडे पाणी मारणे, मग पुढचा थर. चुना वाफ जाऊ देतो, म्हणून क्षार मागे न अडकता पृष्ठभागावर येतात आणि तेथून ते झाडून काढता येतात. मेस्तांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले होते, की हा गिलावा झिजण्यासाठीच केलेला आहे, दहा-बारा वर्षांनी तो नव्याने करावा लागेल, पण तोवर तो चिऱ्यांना वाचवेल. या भिंतीला तैलरंग लावायचा नाही, तिला टेकून कपाट ठेवायचे नाही आणि तिच्यावर टाइल्स बसवायच्या नाहीत, या तीन गोष्टी आम्ही आजही पाळतो. आतील मांडणीही त्यानुसार बदलली. स्वयंपाकाचा ओटा, कपाटे आणि पलंग हे सर्व समोरच्या भिंतीकडे गेले आणि मागची भिंत मोकळी राहिली. गव्हाणीचे घडीव दगड कोरड्या बाजूचे होते, ते ओट्याखाली तसेच बसवले.

खर्चाचा हिशेब लिहिणे मला आवश्यक वाटते. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या नव्या घरासाठी आम्हाला 15 लाखांचा अंदाज मिळाला होता, तोही जागा आपली धरून. गोठ्याचे घर शौचालय, सेप्टिक टाकी आणि विजेच्या जोडणीसह 7 लाख 80 हजारांत झाले. त्यात चुकीचा गिलावा, तो काढणे आणि भिंतीचे उपचार यांचे 1 लाख 10 हजार आहेत. गुरे कोठे उभी राहत, हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी आईला विचारला असता, तर त्यातील बरीच रक्कम वाचली असती आणि एक वर्षही वाचले असते. सेप्टिक टाकीचे सोकपिट (शोषखड्डा) विहिरीपासून किमान 15 मीटर दूर हवे होते, त्यासाठी ते उताराच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागले आणि नळांचा खर्च वाढला. त्यात काटकसर करण्याचा विचारही आम्ही केला नाही, कारण त्या विहिरीचे पाणी चार घरे पितात.

जुन्या वास्तूंना नवे आयुष्य देण्याचे काम गोव्यात होत नाही असे नाही. पणजीतील गोमेकॉची (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची) जुनी इमारत 2004 साली चित्रपट महोत्सवासाठी नव्या रूपात उभी राहिली, आग्वादचा तुरुंग 2021 साली संग्रहालय झाला आणि किनारपट्टीवरील कितीतरी जुनी घरे उपाहारगृहे आणि होमस्टे झाली आहेत. हे सर्व पाहुण्यांसाठी आहे. व्हिएन्नात 19व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या गॅसच्या चार अजस्र टाक्या 2001 साली शेकडो कुटुंबांची घरे झाल्या. तेवढे मोठे काम आपल्याकडे होईल असे मी म्हणत नाही. पण गावातील रिकामा गोठा किंवा गिरण राहते घर करू इच्छिणाऱ्या माणसासाठी पंचायतीत एखादा सोपा, स्वतंत्र अर्ज असावा, त्याला चुन्याचे काम जाणणाऱ्या माणसाचा सल्ला मिळावा आणि बँकेने अशा दुरुस्तीला गृहकर्ज द्यावे, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही. आम्ही ज्या बँकेत गेलो, तेथे आमच्या अर्जाला बसेल असा रकानाच नव्हता आणि शेवटी यजमानांच्या पगारावर वैयक्तिक कर्ज जास्त व्याजाने घ्यावे लागले. आमच्या मेस्तांचे वय आता 70च्या पुढे आहे आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नाही, याची मला कर्जाच्या व्याजापेक्षा अधिक काळजी वाटते.

पंचायतीने वास्तव्य दाखला दिला आणि दारावर घर क्रमांक लागला, त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, ज्याला आमच्याकडे गोरवांपाडवा म्हणतात, आईने शेजारच्या वाड्यावरून ती जुनी गाय आणवली. तिला न्हाऊ घातले, झेंडूच्या माळा घातल्या, घावनासारखे पोळे खायला दिले. गाय अंगणात थोडा वेळ उभी राहिली आणि सवयीने सरळ आमच्या दाराकडे चालू लागली. आईने तिला थांबवले नाही, उंबऱ्यापर्यंत येऊ दिले.

मागच्या भिंतीच्या एका कोपऱ्यात, जेथे पाट बाहेर पडत असे, तेथे हिवाळ्यात अजून थोडी पांढरी पूड येते. मी ती दर रविवारी मऊ कुंचल्याने सुपात झाडून घेते. पहिल्या हिवाळ्यात ती दोन मुठी भरत असे, या वर्षी चमचाभर भरली.